परबकाकींचं कापलेलं बोलणं

दादाला हे माहीत नाही. शुभांगीला तर नाहीच. ती ज्या विश्वासाने माझ्याकडे बघते तो तसाच राहावा म्हणून मी कितीदा तोंडाशी आलेलं गिळलंय, ते माझं मला ठाऊक. देवापुढे हात जोडते तेव्हाही हे एवढं सोडून बाकी सगळं बोलते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे — आणि सुरुवातीलाच दिसतंय की मी आडवाटेने चालले आहे. थोडं चालू द्या. येते मुद्द्यावर.

मी नीता. करी रोडला राहते. आमची चाळ होती तिथेच आता टॉवर आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला आमची, म्हणजे जुन्या भाडेकरूंची, इमारत. चाळीत असताना मी एका दैनिकात होते, डेस्कवर. बाहेर फिरून बातम्या आणणारी नव्हे, आत बसून त्या कापणारी. बातमीदार पानभर लिहून आणायचा आणि मला ते अर्ध्या रकान्यात बसवायचं असायचं. नुसतं कापून चालत नाही हो. कापलेलं कळता कामा नये. एक वाक्य काढलं की त्याच्या मागचं आणि पुढचं असं जोडायचं की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस मुळात एवढंच बोलला होता. ते मला फार छान जमायचं. साहेब माझं कौतुक करायचे. — हे का सांगतेय? कळेल.

आवृत्ती बंद झाली आणि मी घरी बसले. लग्न केलेलं नव्हतं. दादा-वहिनींच्यात राहत होते, वडिलांच्याच खोलीत.

आमच्याकडे कॅमेरे यायचे ते गणपतीत, नाहीतर काहीतरी पडलं की. मधल्या काळात आम्ही जगात आहोत की नाही, याची कुणाला फिकीर नसायची. आणि आले तरी काय हवं असायचं त्यांना? एकदा एक चॅनेलवाले ‘गिरणगावातलं घर’ दाखवायला आमच्या खोलीत येणार होते. वहिनीने सकाळपासून खपून घर आवरलं, नवीन चादर घातली. तर तो कॅमेरावाला दारातूनच म्हणाला, “ताई, रोज असतं तसं राहू द्यायचं ना.” मग त्यांनी जिन्यातला पोपडे गेलेला कोपरा शोधला आणि तिथे आमच्या शेजाऱ्यांना उभं करून विचारलं, “कसं वाटतं इथे राहताना?” काय सांगणार माणूस?

शुभांगी तेव्हा खालच्या मजल्यावर राहायची. परळला नर्स आहे, माझ्याहून बरीच लहान. ती म्हणाली, “नीताताई, तुम्हाला बातमीतलं कळतं, मला मोबाईल कळतो. आपलंच आपण करूया की.” नावही तिनेच दिलं — ‘आमचं आम्ही’. पहिला व्हिडिओ पाण्याचा होता. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून. मग भाजीवाल्या मावशीचा, मग गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सुताच्या बॉबिन भरायला, उभ्या राहिलेल्या दोन आज्यांचा. त्या आज्या स्वतःचं बोलणं मोबाईलवर परत परत लावायच्या. एक म्हणाली, “मी एवढं बोलते होय गं?” आणि लाजली. तो दिवस मला आठवतो. आपण काहीतरी चांगलं करतोय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं. माझगावातून एका बाईंचा फोन आला, आमच्याकडेही असं सुरू करायचंय, कसं करायचं सांगाल का? आम्ही दोघी जाऊन शिकवून आलो.

तर — परबकाका.

शालिनी परब म्हणजे आमच्या परबकाकी आणि त्यांचे यजमान, तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत. मुलगी संगीता लग्न होऊन अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत. काका गिरणी बंद झाल्यावर एका बँकेच्या दारात वॉचमन होते. गळ्यात माळ, कपाळावर बुक्का, आवाज कधी चढला नाही. एका दुपारी गॅलरीत धुतलेली चादर वाळत घालताना त्यांनी कठड्यावर भार दिला आणि कठडा त्यांच्यासकट खाली गेला. आवाज मीही ऐकला. आधी वाटलं, कुणीतरी पाण्याचा पिंप टाकला. इस्पितळात नेलं, पण तिसऱ्या दिवशी गेले.

पेपरात आलं ते चार ओळींत. कोणत्या पेपरात ते सांगत नाही. दारूच्या नशेत तोल जाऊन चाळीतला वृद्ध पडला. बस. कुणाला विचारून लिहिलं? कुणालाच नाही. चाळीतला म्हातारा, दुपारची वेळ, पडला — म्हणजे प्यायलेलाच असणार. मला ती सवय आतून माहीत होती. अशी वाक्यं माझ्याच टेबलावरून पुढे गेलेली होती.

काकींनी ती बातमी कुणाकडून तरी वाचून घेतली. दहावं झालं आणि त्या आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, “नीता, तू माका घे मोबाईलात. माका बोलूचा आसा.”

शुभांगीची ड्युटी होती, म्हणून मी एकटीच गेले. — ती असती तर? नको. हा ‘तर’ माझ्या कामाचा नाही.

काकींनी स्वतःच पंखा बंद केला, घरघर ऐकू येईल म्हणून. केस विंचरले. खुंटीवर काकांचा सदरा तसाच होता, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मी मोबाईल डब्यावर टेकवून उभा केला आणि म्हटलं, “बोला काकी.” आणि त्या बोलल्या. रडल्या नाहीत, हे नीट लक्षात ठेवा. एक टिपूस नाही.

“माझ्या घोवान जल्मात दारू घेतल्यान नाय,” त्या म्हणाल्या. “पेपरवाले खोटा लिवतत आणि लोक वाचतत. पण कठडो आपोआप पडाक नाय. तो हलत होतो. ह्येंनी कमिटीक सांगल्यानी. एकदा नाय, कितीतरी वेळा. तुझ्या दादाकच सांगल्यानी, नीता. दादा म्हणालो, काका, आता टॉवर होतलो, कित्याक खर्च करूचो? माझ्यासमोर म्हणालो. माका पैशे नको. कोणाक जेलात घालूक नको. कमिटीन सगळ्यांसमोर म्हणूचा, आमची चूक झाली. तेवढाच माका होया.”

एवढं बोलून त्यांनी मला विचारलं, “सगळा घेतलंस ना गो?”

मी म्हटलं, घेतलं.

दादा चाळ कमिटीचा सेक्रेटरी होता. त्या महिन्यात बिल्डरबरोबर करार व्हायचा होता. सगळी चाळ त्या एका सहीकडे डोळे लावून बसली होती. रात्री जेवताना दादाने ताटातून मान वर न करता विचारलं, “काकीला शूट केलंस म्हणे. माझं नाव घेतलं का तिने?”

मी म्हटलं, “नाही.”

इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. दादा एवढंच म्हणाला, “बरं. आत्ता पोलिस केस झाली ना, तर बिल्डर हात वर करेल. सगळे लटकतील.” आणि भात मागितला. त्याने मला दमदाटी केली नाही. काप म्हणाला नाही. त्याला तर कापण्यासारखं काही आहे, हेच माहीत नव्हतं. इथे मला कुणाच्या मागे लपता येत नाही.

मी कापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता, वहिनी बाजूला लसूण सोलत असताना. कठड्याचं काढलं, कमिटीचं काढलं, दादाचं काढलं, माफीचं काढलं. राहिलं काय? घोवाने दारू घेतली नाही, पेपरवाले खोटं लिहितात. मध्ये काकांचा एक जुना फोटो टाकला, म्हणजे जोड दिसू नये. आणि मग — हेही सांगून टाकते — मूळ रेकॉर्डिंग मोबाईलमधून पुसलं. नुसतं कापलं असतं तर परत जोडता आलं असतं. मला ते परत जोडता यायला नको होतं.

कशाची भीती होती मला? दादा घराबाहेर काढेल? तो तसा नाही. करार मोडेल? मोडला नसता कदाचित. चाळीतले लोक मला काय म्हणतील? हां, ते थोडं. शिवाय नव्या घराच्या कागदावर दादा माझंही नाव घालणार होता. तेही मनात होतं, मी नाही म्हणणार नाही. सगळ्या भीती अशा छोट्या-छोट्याच होत्या. एकही अशी नव्हती की जिच्यापुढे माणसाने गुडघे टेकावेत.

तो व्हिडिओ असा काही पसरला की आम्ही दोघी थक्क झालो. लालबाग, काळाचौकी, शिवडी — माणसं एकमेकांना पाठवत होती. दारुड्या म्हणून बदनाम केलेल्या गरीब माणसाची बायको बोलते आहे, ऐका. त्या पेपरने आतल्या पानावर दिलगिरीसुद्धा छापली. शुभांगी नाचायची बाकी होती. “ताई, बघा, आपण बोललो की त्यांना ऐकावं लागतं!” खरं होतं ना ते? परबकाकांवरचा डाग आमच्यामुळे पुसला गेला. हे खोटं नाही. म्हणूनच तर मला इतकी वर्षं गप्प बसता आलं.

व्हिडिओ बघून काकी आल्या. “चांगला झाला गो,” म्हणाल्या. मग, “पण माझा बाकीचा बोलणा खंय गेला? कठड्याचा?”

मी म्हटलं, मोबाईलमधली जागा संपली होती काकी, पुढचं रेकॉर्डच झालं नाही. आपण परत करू.

“आसात. मोबाईलातला आमका काय कळता,” त्या म्हणाल्या. आसात म्हणजे असेल तसं. “परत करूया मगे.” नंतर दोन-तीनदा जिन्यात भेटल्या तेव्हा नुसतं डोळ्यांनी विचारायच्या. मी म्हणायचे, या रविवारी, काकी. तो रविवार मी येऊ दिला नाही.

इथवर असतं तर कदाचित मी हे सांगायला बसलेच नसते. कापाकापी मी आयुष्यभर केलेली. पण पुढे सभा झाली.

कराराआधीची शेवटची सभा, मंडळाच्या खोलीत. सगळे होते — बाया दाराशी, पुरुष सतरंजीवर, दादा टेबलामागे. बिल्डरचा माणूस समजावून सांगून गेला होता, सही करायला कोण आधी, यावरून थट्टामस्करी चालली होती. काकी उठल्या. म्हणाल्या, “सही मी करतंय. पण आधी कमिटीन माझ्या घोवाच्या कठड्याचा बोलूचा.” कुणीतरी म्हणालं, “काकी, कठड्याची कंप्लेंट कुठे होती? कुणी ऐकलं नाही कधी.” दादा टेबलावरच्या पेनाशी चाळा करत होता.

काकी म्हणाल्या, “मी तवाच सगळा सांगलंय. नीताच्या मोबाईलात. इचारा तिका.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला कसं सांगू, ती माणसं कशी बघत होती? चाळीत माझ्या शब्दाला तेव्हा किंमत आली होती. एरवी जो पेपरवर ठेवत नसत तो भरवसा त्यांनी माझ्यावर टाकला होता. नीता म्हणेल ते खरं, ती आपल्यातली आहे. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. रेकॉर्डिंग नव्हतं तरी चाललं असतं. मी म्हटलं असतं तर लोकांनी मानलं असतं.

मी उठले. काकींच्या खांद्यावर हात ठेवला. — हो, हातही ठेवला. आणि अगदी हळू, मायेच्या आवाजात म्हणाले, “काकी, तुम्ही तेव्हा खूप रडत होता. तुम्हाला आठवत नसेल. असं काही बोलला नाहीत तुम्ही.”

दाराशी कुणीतरी च् च् केलं. कुणी म्हणालं, बिचारी, डोक्यावर परिणाम झालाय. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने बघितलं असतं तर मला आज बरं वाटलं असतं. त्या काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होत्या. मोबाईलमधली जागा संपली म्हणाले होते ती मीच ना, हे माझ्या तोंडावर शोधत होत्या. मग “आसात,” म्हणाल्या, “आसात बाय,” आणि खाली बसल्या. थोड्या वेळाने कुणीतरी कागद पुढे केला तेव्हा सहीही केली.

तुम्ही म्हणाल, तेव्हा काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. घरी आले, वहिनीने सोलकढी केली होती, दोन वाट्या प्यायले.

चाळ रिकामी झाली. सगळे पांगले, कुणी भाड्याने इकडे, कुणी तिकडे. काकी संगीताकडे गेल्या. टॉवर झाला, सगळे परत आले, त्या आल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्याच्या बायकोला एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं होतं. संगीताने ते भाड्याने दिलं. दादाने कागदावर माझं नाव घातलं, शब्दाला जागला. आता खिडकीतून मला समुद्राची एक पट्टी दिसते.

‘आमचं आम्ही’ वाढलं. आता पंधरा-वीस बायका आहेत, मुलंही आहेत, स्वतः शूट करतात, स्वतः बोलतात. दादरला एका सभागृहात आमचा सत्कार झाला. मला बोलायला लावलं. मी म्हणाले, आजवर आमची गोष्ट दुसरे सांगायचे, आता आमची आम्ही सांगतो. टाळ्या पडल्या. शुभांगी पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. आणि मला त्या टाळ्यांत एकच कळत होतं — पूर्वी आमचं बोलणं कापणारा माणूस लांब कुठेतरी बसलेला असायचा, त्याला आमची नावंही ठाऊक नसायची. आता ते काम त्याच गॅलरीत राहणाऱ्या, काकींच्या हातची बोरं खाऊन मोठ्या झालेल्या बाईकडे आलं होतं. त्या लांबच्या माणसावर निदान रागावता तरी यायचं.

मागच्या वर्षी संगीताचा फोन आला. आई गेली.

मी अँटॉप हिलला समाचाराला गेले. एकटीच. वाटेत ठरवलं होतं — आज सांगायचं. काय व्हायचं ते होवो. जिने चढतानाही ठरलेलं होतं. संगीताने दार उघडलं, गळ्यात पडली. कॉटवर काकींचं धुतलेलं लुगडं घडी करून ठेवलेलं. तिने चहा टाकला आणि बोलत राहिली, माणूस गेल्यावर बोलतात तसं, थांबता येत नाही म्हणून.

“आई तुमचे सगळे व्हिडिओ बघायची हां, ताई. मला लावून द्यायला लावायची. शेवटी डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी म्हणायची, नुसतं लाव, ऐकते मी.”

मी कॉटवरच्या लुगड्याची घडी सारखी केली.

“बाबांच्या त्या कठड्याचं तिच्या मनात फार होतं,” संगीता म्हणाली. “पहिल्यांदा म्हणायची, मी सगळं सांगितलं होतं. मीच चिडायचे तिच्यावर, आई, अगं नीताताई खोटं कशाला बोलतील? मग हळूहळू तिलाही पटलं. म्हणायची, त्या पोरीन घेतल्यान असता तर दाखवल्यान असता. माझाच बोलूचा ऱ्हवला. तुझ्या बापासाठी एकदा तोंड उघडूचा होता, तेवापण माका जमला नाय.” तिने चहा गाळला. “शेवटपर्यंत तेच घेऊन बसली होती. आपण बाबांसाठी बोललोच नाही म्हणून.”

तेव्हा बोलायचं होतं. तिथेच. समोर मुलगी बसलेली, खोलीत तिसरं कुणी नाही, ना दादा, ना कमिटी, ना करार. घाबरायला काहीसुद्धा उरलेलं नव्हतं.

मी चहा घेतला. संगीताच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “नको मनाला लावून घेऊस.” आणि निघाले.

म्हणून इथे लिहिते. त्या बोलल्या होत्या. पंखा बंद करून, केस विंचरून, न रडता, दादाचं नाव घेऊन, सगळं नीट बोलल्या होत्या. मी समोर होते. मी ऐकलं होतं.